पोर्तेलाच्या घाटातली नऊ मिनिटं

ग्रासिएत फ्रान्सहून कायमची परत आली ती दोन सुटकेसा, एक शिवणयंत्र आणि पान्या-पकडींनी भरलेली लोखंडी पेटी घेऊन. पेटी उतरवताना टॅक्सीवाल्या बेल्मीरुची कंबर धरली. "यात काय नवऱ्याला पुरून आणलंयस काय गं?" असं त्यानं विचारलं, तेव्हा नवरा, म्हणजे आदेरितु, मागेच उभा होता. तो म्हणाला, "अजून नाही. जागा मोजून ठेवलीय."

अठरा वर्षं ती तिकडे मोटारींच्या कारखान्यात होती. गाडीच्या पोटात विजेच्या तारांचं जे जाळं असतं, त्याच्या जुड्या बांधायचं काम. सुरुवातीला नुसत्या जुड्या, मग तपासणी, आणि शेवटची सहा वर्षं कुठली गाडी का बिघडली हे शोधणाऱ्या खात्यात. एकेचाळीसाव्या वर्षी ती आपल्या डोंगरातल्या गावी, सुब्रेदाला, परतली आणि सासऱ्यांच्या रिकाम्या गोठ्यात तिनं गॅरेज टाकलं. गावातल्या पुरुषांना विषय मिळाला. गाई होत्या तेव्हा निदान दूध तरी मिळायचं, असं कॅफेत बसून म्हणायचे. पहिलं वर्षभर तिच्याकडे फक्त बंद पडलेले हॉर्न आणि न पेटणारे दिवे आले. 'वायरवाली' हे नाव पडलं ते तेव्हाच.

मग एकदा पाद्रीबाबांची गाडी आली. तीन गॅरेजांनी हात टेकलेली. ग्रासिएतनं ती दोन दिवस ठेवून घेतली, सगळी सीटं बाहेर काढली आणि गालिच्याखाली उंदरानं कुरतडलेली एक तार काढून पाद्रीबाबांच्या हातात दिली. रविवारी प्रवचनात बाबांनी त्या तारेचा दाखला दिला म्हणतात. त्यानंतर आसपासच्या पाच गावांतल्या गाड्या तिच्या दारात लागू लागल्या. ती कमी बोलायची, घाई करायची नाही, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणायची. लोकांना तेच आवडलं. "ग्रासिएत म्हणाली गाडी ठीक आहे, म्हणजे ठीक आहे," असं म्हणायची गावाला सवय लागली. हळूहळू तिलाही लागली असावी.

दोन हजार आठच्या ऑगस्टची गोष्ट. ऑगस्टात सुब्रेदाची वस्ती चौपट होते. फ्रान्सला गेलेले, स्वित्झर्लंडला गेलेले, सगळे जत्रेला येतात, दोन दिवस गाडी हाणत, आणि आल्यावर त्या गाड्यांना जे जे व्हायचं ते होतं. गोठ्यासमोर सात गाड्या रांगेत असताना बेल्मीरु आपली डिझेल टॅक्सी घेऊन आला. तो त्रेसष्ट वर्षांचा. लहानपणापासून ओळखीचा, म्हणून ती त्याला दादा म्हणायची.

"ग्रासिएत, हिला घाटात दम लागतोय," तो म्हणाला. "सपाटीवर बरी असते. चढ आला की पिकअपच नाही. बैलगाडी बरी."

"धूर सोडते?"

"थेंबभर नाही."

तिनं गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला. दोष म्हणून काही नोंदलेलं नव्हतं. इंजिन जागेवर चालू ठेवून आकडे पाहिले. हवा, डिझेल, दाब, सगळं जिथल्या तिथं. हवेचा फिल्टर उघडला तर तो पिठाच्या गिरणीतल्या फडक्यासारखा. तो बदलला. "दादा, ही श्वास घेणार कुठून? हे बघ. जा आता, पळेल." बेल्मीरु गेला. मागे पुढची गाडी हॉर्न वाजवतच होती.

सप्टेंबरात तो पुन्हा आला. आल्याबरोबर म्हणाला, "तू हसशील, पण मला अजून ती जडच वाटते." तिनं पुन्हा स्कॅनर लावला, पुन्हा काही नाही. टर्बोच्या होसपाईपची एक क्लिप ढिली होती, ती आवळली. "आता बघ," म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि तो तिसऱ्यांदा आला नाही.

बेल्मीरुच्या टॅक्सीत आठवड्यातून तीनदा झुल्मीरामावशी असायच्या. एकाहत्तरीच्या, मूत्रपिंडं निकामी झालेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पोर्तेलाचा घाट चढून पलीकडे उतरायचं, शहरातल्या डायलिसिसच्या मशिनवर चार तास काढायचे आणि संध्याकाळी परत. तीन वर्षं हे चाललं होतं. मावशी मागच्या सीटवर उजव्या खिडकीशी बसायच्या आणि बेल्मीरुला गाडी हळू चालव म्हणून रागवायच्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी त्या घाटात गाडीतच गेल्या. गावाला धक्का बसला, पण नवल कुणाला वाटलं नाही. तीन वर्षं मशिनवर असलेली बाई. बुधवारी दफन झालं. मुलगी ओदेत फ्रान्सहून आली. ती शाळेत ग्रासिएतच्या वर्गात होती. दफनाच्या वेळी ग्रासिएतनं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "दुखलं-खुपलं नाही गं त्यांना." असं म्हणतात म्हणून म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बेल्मीरुची टॅक्सी गोठ्यासमोर उभी राहिली. बेल्मीरुनं दाढी केली नव्हती.

"विकायचीय," तो म्हणाला. "घेणाऱ्यानं उद्या परत आणून माझ्या दारात लावू नये. एकदा नीट बघून दे."

"विकतोस? आणि मग करशील काय?"

"चेस्टनट वेचीन. पेन्शन घेईन. तू बघ ना गाडी."

त्या दिवशी गोठा रिकामा होता. चेस्टनटचा हंगाम; सगळा गाव रानात. ग्रासिएतकडे वेळ होता, आणि वेळ होता म्हणून तिनं ऑगस्टात जे करायला हवं होतं ते केलं. स्कॅनर लावला, तो मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "चल, घाटात चालव."

गाव सुटलं, चढ लागला. बेल्मीरुनं तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. गाडी ओरडत होती, पण काटा चाळीसच्या वर सरकेना. ग्रासिएत हवेचा आकडा बघत होती. इंजिनाच्या प्रत्येक घोटाला साडेआठशे मिलिग्रॅमच्या वर हवा दिसायला हवी होती. चारशे तीस. पुढच्या वळणावर चारशे दहा.

जागेवर उभ्या गाडीत हा आकडा बरोबर दिसतो. हवा मोजणारा सेन्सर म्हातारा झाला की तो थोडी हवा नीट मोजतो आणि जास्त हवा आली की कमी सांगतो. पूर्ण मुका झाला असता तर लाल दिवा तरी लागला असता. हा नुसता खोटं बोलत होता, आणि खोटं इतकं बेताचं की गाडीच्या मेंदूला ते खरं वाटत होतं. हवा कमी आहे म्हणताना मेंदू डिझेलही कमी सोडतो. म्हणून धूर नाही. म्हणून जोर नाही. हे सगळं तिला ठाऊक होतं. फ्रान्समध्ये नव्या पोरांना तिनंच शिकवलं होतं.

"थांबव," ती म्हणाली. "बॉनेट उघड."

फिल्टरच्या डब्याच्या पुढे, जाड नळीत बसवलेला तो सेन्सर, अंगठ्याएवढा. तिनं त्याचा प्लग ओढून काढला, बॉनेट आपटलं आणि परत येऊन बसली. "आता चालव."

"तोडलंस काय?"

"तोडलं नाही. त्याला गप्प केलं. आता गाडी त्याचं ऐकणार नाही, स्वतःच्या अंदाजानं चालेल. चालव."

बेल्मीरुनं पाय दाबला आणि दोघांची डोकी मागे सीटला लागली. टॅक्सी एका झेपेत पन्नासवर, साठवर, वळणाला ब्रेक मारावा लागला, पुन्हा पाय ठेवला तर पुन्हा तशीच उसळली. डॅशबोर्डवर दिवा लागला, तो लागणारच होता. ग्रासिएतला क्षणभर बरं वाटलं. दुखणं सापडलं की वाटतं तसं. ती हसून त्याच्याकडे वळली आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

बेल्मीरुचा चेहरा पांढराफटक पडला होता. माथा तीनेक किलोमीटर राहिला असताना त्यानं गाडी कडेला घेतली, झऱ्याच्या दगडी कुंडापाशी, आणि हॅन्डब्रेक ओढला.

"दादा, काय झालं?"

त्यानं कुंडाकडे बोट केलं. मग म्हणाला, "इथं. इथंच."

"काय इथं?"

"सोमवारी मावशी गाडीत बसल्या तेव्हाच त्यांचा श्वास चालत नव्हता नीट. पाय सुजून बूट चढेना, स्लिपरवर आल्या. मी म्हटलं रुग्णवाहिका बोलावू. त्या म्हणाल्या, ती इथवर येईपर्यंत आपण पोचू की रे. ते पण खरंच होतं. घाटाला लागलो. फोनला रेंज नाही, ती वर पोर्तेलावरच येते, तुला माहीत आहे. पाय पार खाली दाबला होता मी, ग्रासिएत. चाळीस. अडतीस. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न देत होता. ट्रॅक्टर. त्या म्हणाल्या, 'बेल्मीरु, आज जरा लवकर चालव.' तीन वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, खिडकी उघड. इथं, या कुंडापाशी. मी उघडली. आरशात बघितलं तर मान कलली होती. मला वाटलं, झोप लागली."

ग्रासिएतच्या मांडीवर स्कॅनर तसाच चालू होता. तिला तो बंद करायचा होता, पण बटण कुठलं ते आठवेना.

"तू तिसऱ्यांदा का नाही आणलीस रे गाडी?" तिनं विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"तू दोनदा ठीक आहे म्हणालीस ना. मी म्हटलं, गाडी ठीक आहे तर मीच म्हातारा झालो. पायात जोर राहिला नाही. म्हणून तर विकतोय." त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसती विचारणा होती. "म्हणजे हे एवढंच होतं? एक प्लग?"

ती हो म्हणाली.

दोघं गावात परत आले. गोठ्यात आल्यावर तिचे हात आपोआप कामाला लागले. सेन्सर कधीकधी खरंही सांगतो. हवाच कमी येत असेल तर त्याचा काय दोष. म्हणून तिनं फिल्टरचा डबा उघडला, नळ्या तपासल्या, धूर परत फिरवणारी झडप पाहिली, प्लगमधला करंट मोजला. आत कुठेतरी तिला वाटत होतं की दुसरं काहीतरी निघू दे. फाटकी नळी, नवा बिघाड, सोमवारीच झालेला. सगळं धडधाकट होतं. भंगारातल्या तशाच एका गाडीचा सेन्सर काढून तिनं बसवला आणि एकटीच घाटात गेली. आठशे ऐंशी. पुन्हा जुना बसवला. चारशे वीस. मग ती गावाच्या वेशीपासून पोर्तेलाच्या माथ्यापर्यंत घड्याळ लावून दोनदा चढली. चौदा किलोमीटर. जुन्या सेन्सरनं एकवीस मिनिटं. चांगल्यानं बारा.

घरी आली तेव्हा आदेरितु मधमाश्यांच्या पेट्यांची झाकणं घासत बसला होता. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं घासणं थांबवलं नाही, फक्त हात हळू झाले.

"बेल्मीरु कुणाला बोलणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"मी ओदेतला सांगणार आहे."

"सांगून काय होणार? तिची आई परत येणार? त्या बिचारीनं 'दैव' म्हणून मन आवरलंय, तू जाऊन तिच्या हातात घड्याळ देणार."

"तू तिच्या जागी असतास तर तुला कळायला नको असतं?"

आदेरितुनं झाकणं बाजूला ठेवली. मग उठला, तिच्यासाठी वाडग्यात सूप घेऊन आला, आणि ती खात नाही म्हटल्यावर ते झाकून ठेवलं.

शनिवारी सकाळी ओदेत आईच्या घराच्या अंगणात कोंबड्या पकडत होती. ग्रासिएतला पाहून म्हणाली, "बरी आलीस. यातल्या दोन घेऊन जा. लाल आहे ना, ती चावते, पण अंडी देते. आईसारखी." आणि स्वतःच हसली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी माणूस हसतं तसं.

ग्रासिएत म्हणाली, "ओदेत, बस जरा."

ती पायरीवर बसली, कोंबडी मांडीत. ग्रासिएत उभीच राहिली. घरून शब्द जुळवून आली होती. ते सगळे गेले. तिनं सरळ सांगितलं. गाडीला घाटात जोर नव्हता. एक सेन्सर खराब होता. तुझी आई गेली त्या दिवशी गाडी चाळीसनं चढत होती. सत्तरनं चढली असती.

ओदेतचा हात कोंबडीच्या पाठीवरून फिरत होता, तो थांबला.

"बेल्मीरुनं गाडी तुला दाखवली नव्हती?"

"दाखवली होती."

"कितींदा?"

"दोनदा."

"आणि तू काय केलंस?"

"एकदा फिल्टर बदलला. एकदा क्लिप आवळली."

"घाटात चालवून पाहिलीस?"

"नाही."

ओदेतनं मांडीतली कोंबडी खाली सोडली. "किती वेळ वाचला असता?"

"नऊ मिनिटं. माथ्यापर्यंत."

"म्हणजे आई वाचली असती."

"मला माहीत नाही. त्या गेल्या त्या वेळेला गाडी माथा ओलांडून पाचेक किलोमीटर खाली उतरली असती. माथ्यावर रेंज आहे. बेल्मीरुला फोन करता आला असता, समोरून डॉक्टर निघाले असते. वाटेत गाठ पडली असती. किंवा नसतीही पडली. मी रात्रभर हाच हिशेब करतेय, तो पुरा होत नाही."

ओदेत उठली. तिनं एप्रन झटकला, घडी केली, पुन्हा उलगडला. "दफनाच्या वेळी तू मला म्हणालीस, आईला दुखलं-खुपलं नाही."

"हो."

"तुला कसं माहीत होतं?"

"नव्हतं माहीत."

"मग जा तू आता," ओदेत म्हणाली. आवाज चढवला नाही. दार लावलं, तेही हळूच.

ग्रासिएत गोठ्यात जाऊन बसली. रविवारी प्रार्थनेला गेली नाही. सुब्रेदात प्रार्थनेला न येणं म्हणजे ताप तरी असतो किंवा भांडण. दुपारपर्यंत गावाला सगळं कळलं होतं. कसं ते तिनं विचारलं नाही. दोघीतिघींनी येऊन सांगितलं की तुझी काय चूक, मशिनवरची बाई होती ती. कॅफेत एकजण म्हणाला म्हणे, गोठ्यात गाईच बऱ्या होत्या.

सोमवारी ओदेत आली. अंगात कोट, हातात प्रवासाची पिशवी. दुपारच्या बसनं परत निघायचं होतं.

"दाखव मला ते," ती म्हणाली.

ग्रासिएतनं फडताळातून जुना सेन्सर काढून दिला. ओदेतनं तो उलटसुलट केला, आत डोकावली. आत केसासारखी बारीक एक पट्टी असते, हवा तिच्यावरून गेली की थंड होते. एवढ्यावर सगळं मोजमाप. ग्रासिएत समजावू लागली, पण ओदेतनं हातानं थांबवलं. तिनं तो टेबलावर ठेवला आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली.

"रविवारी मी आईला फोन केला होता," ती म्हणाली. "ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. म्हणाली, दम लागतोय, आडवं होता येत नाही, खुर्चीत बसून रात्र काढली. मी विचारलं, काय खाल्लंस. सूप खाल्लं म्हणाली, मीठ घालून, आणि द्राक्षं. तिला मनाई होती दोन्हीची. मी खूप बोलले तिला. म्हटलं, आता भोग, उद्या सोमवारच आहे, मशिनवर उतरेल सगळं पाणी. आणि फोन ठेवला. त्याच दिवशी मी कुणाला तरी फोन करायला हवा होता. बेल्मीरुला, तुला, कुणालाही. माझ्याकडे नऊ मिनिटं नव्हती, ग्रासिएत. माझ्याकडे अख्खी रात्र होती."

ग्रासिएत तिच्याकडे बघत राहिली. हात पुढे करावा तर हात काळे होते.

"हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही," ओदेत म्हणाली. "आणि हे सांगितलं म्हणून तुझं कमी होतं असं समजू नकोस. तुझं तुझ्याकडे."

"हो," ग्रासिएत म्हणाली.

"टॅक्सी विकू नको म्हणावं बेल्मीरुला. पलीकडच्या वाडीत दोघं मशिनवर जाणारे आहेत. त्यांना कोण नेणार?" ती उठली, पिशवी घेतली आणि बसथांब्याकडे गेली. ग्रासिएत मागून चार पावलं गेली, मग थांबली. सोबत नको होती हे पाठीवरून कळत होतं.

बेल्मीरुनं टॅक्सी विकली नाही. ग्रासिएतनं तिला नवा सेन्सर बसवला. वाडीतल्या दोघांना तो अजून नेतो. घाटाच्या पायथ्याशी फोन हातात घेतो आणि माथ्यावर रेंज आली की खिशात ठेवतो.

ग्रासिएतनं आठवडाभर गोठा बंद ठेवला. ती आता पुन्हा फ्रान्सला जाते की काय, अशी चर्चा झाली. आठव्या दिवशी दार उघडलं, कारण दारात एक गाडी उभी होती आणि आदेरितु म्हणाला, "हिचे दिवे लागत नाहीत. एवढं तरी कर." तेव्हापासून गाडी कुठलीही असो, तक्रार कसलीही असो, ती मालकाला शेजारी बसवून घाटातल्या तिसऱ्या वळणापर्यंत नेऊन आणते. ऑगस्टात लोक वैतागतात. "अगं, मला फक्त वायपर बदलायचाय," एकजण म्हणाला. "वायपरही घाटातच लागतो," असं म्हणून तिनं त्याला बसवलंच. काहीजण शेजारच्या गावच्या गॅरेजकडे वळले. तिनं त्यांना विचारलं नाही.

पुढच्या ऑगस्टात जत्रेच्या आदल्या सकाळी ती पावाच्या रांगेत उभी होती. पुढे दोन माणसं सोडून ओदेत. ओदेतनं मागे वळून पाहिलं. तिचे केस पांढरे झाले होते, की आधीपासून होते, ग्रासिएतला आठवेना. ओदेतचा नंबर आला, तिनं पाव घेतला, आणि जाताना ग्रासिएतपाशी थांबली.

"घर ठेवायचं ठरवलंय," ती म्हणाली. "छप्पर गळतंय. कुणी गवंडी माहीत आहे का?"

ग्रासिएतनं नाव सांगितलं. ओदेतनं ते एकदा स्वतःशी म्हटलं आणि ती गेली. पाववालीनं तीनदा विचारलं, "ग्रासिएत, किती देऊ?" तेव्हा कुठे तिला ऐकू आलं, आणि किती हवेत ते काही केल्या सांगता येईना.